सिरपूरचा तलाव आणि होडीची हौस

सहलीसाठी सिरपूरच्या तलावाचे नाव निघाले की वर्गातून पहिला प्रश्न येतो, "तेथे होडीत बसावयास मिळेल का?" प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि सिरपुरात होड्या नसाव्यात, निदान यांत्रिक तर नसाव्यातच, असे आमचे स्पष्ट मत आहे.

होळकरांच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, निर्माण झालेला हा तलाव पद्मश्री भालू मोंढे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे राखला. 2022 साली यशवंतसागराबरोबर तोही रामसर करारान्वये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत गणला गेला. पण तो उथळ आहे. ऐन पावसाळ्यातही त्याची खोली फार तर दोन मीटर भरते. अशा पाण्यात यंत्राची नौका फिरली की तळचा गाळ वर येतो, सूर्यप्रकाश पाणवनस्पतींपर्यंत पोहोचत नाही, आणि त्यांवर जगणाऱ्यांचे अन्न तुटते. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेली थापट्या, तलवार बदके येथे चरून परतीच्या प्रवासाची शक्ती साठवितात. होडी जवळ येताच थवा उडतो. ती शक्ती व्यर्थ खर्च होते. आमच्या कोकणी मुलखात नदी टाकलेली घाण समुद्राकडे वाहून नेते (तेही काही भूषणावह नव्हे!), तलावास तेवढीही वाट नाही.

मग तलावास कुलूप घालावे काय? मुळीच नाही. ज्याने तळ्याकाठची पहाट पाहिली नाही, तो त्याच्या रक्षणासाठी का झटेल? काठाने पायी फिरणाऱ्यास, चित्र काढणाऱ्यास, दुर्बीण घेऊन बसणाऱ्यास तेथे मोकळीक असावी. ध्वनिक्षेपक, पक्ष्यांपुढे फेकलेली पोळी-शेव आणि मूर्तिविसर्जन यांस मात्र मज्जाव हवा.

जागा वाटून घेण्याची कला सराफ्यातील मुलांस आम्ही काय शिकवावी! ज्या ओट्यावर दिवसा सोन्याचे व्यवहार होतात, त्याच ओट्यापुढे रात्री भुट्ट्याचा कीस परतला जातो. सराफ आणि खाद्यविक्रेते यांनी वेळ वाटून घेतली. तलावांच्या बाबतीत इंदूरने स्थळे वाटून घ्यावीत. होडीसाठी पिपलियापाला आहे, शांततेसाठी सिरपूर राहू द्यावे.

यंदाची सहल पौषात, सूर्योदयापूर्वी निघावी अशी आमची सूचना आहे. परतताना पिपलियापाल्यास होडीची हौस फेडता येईल. गराडू मात्र रात्री, आपापल्या पालकांसह, सराफ्यातच.