दुनळी बंदुकीचा जन्मदाखला



साखरा (जि. हिंगोली) येथील एका वाचकाने पत्रातून विचारले आहे : "आमच्या भागातल्या एका जुन्या वाड्यात शिकारीची दुनळी बंदूक आहे. त्या शिकारीत माझ्या आजोबांना हाका घालायला नेत. ती बंदूक कुठली, किती जुनी, हे कसे शोधावे?"

आधी कायद्याचे बोलू. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. म्हणून ती परवानाधारकाच्याच हातात पाहावी, आत काडतूस नाही याची खात्री त्यानेच करून द्यावी. बार काढून बघण्याचा मोह कोणी करू नये. नळीवर वेलबुट्टीसारख्या लाटा दिसल्या तर ती पोलाद-लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी समजावी. आजच्या काडतुसाने ती फुटू शकते.

परवान्याच्या पुस्तकात बंदुकीचा नंबर व बोअर लिहिलेला असतो. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची.

खरा दाखला असतो नळ्यांच्या पोटाला. नळ्या सुट्या केल्या की मागच्या टोकाशी, खालच्या सपाट भागावर, बारीक ठसे दिसतात. जादा दारूचा बार भरून नळीची परीक्षा झाली, याची ती सरकारमान्य खूण. मुकुटाखाली 'जी पी' असेल तर परीक्षा लंडनला झाली. मुकुटाखाली 'बी पी' असेल तर बर्मिंगहॅमला. तेथील परीक्षागृह १८१३ सालच्या कायद्याने निघाले. लंबगोलात 'ई एल जी' असेल तर बंदूक बेल्जियममधील लिएज शहराची. 'नॉट फॉर बॉल' असे कोरलेले इंग्रजी ठसे १८७५ ते १८८७ या काळातले. असे ठसे जुळवत गेले की बंदुकीचे वय बऱ्यापैकी ठरते.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवर नाव असते, पण तेथे फसू नये. 'रॉडा, कलकत्ता' असे असेल तर ते विकणाऱ्या दुकानाचे नाव, कारागिराचे नव्हे. पर्डे, हॉलंड अँड हॉलंड अशा इंग्रज कंपन्यांनी मात्र जुन्या वह्या जपल्या आहेत. नंबर कळवला तर बंदूक कधी पुरी झाली, मूळ गिऱ्हाईक कोण, हे तेथून कळू शकते. हिंगोलीला १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, म्हणून प्रत्येक जुनी बंदूक 'साहेबाची' ठरवू नये. कागद किंवा ठसा मिळेल तेवढेच खरे मानावे.

आता आजोबांविषयी. बंदुकीचा नंबर वहीत आहे, मालकाचे नाव परवान्यावर आहे. झाडीत शिरून, डबे बडवून जनावर बंदुकीपुढे आणणाऱ्याचे नाव कोणत्याच वहीत नाही. वेठीला नेलेल्या माणसाची हजेरी कोण मांडणार? संविधानाच्या कलम २३ ने १९५० साली वेठबिगारीला बंदी केली; त्याआधीच्या पिढ्यांचा हिशेब राहूनच गेला.

तो आपणच लिहायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आली, तेव्हा हाक्याला गेलेली माणसे आता फार थोडी उरली असतील. त्यांच्याजवळ बसा. साल विचारू नका, ते सांगता येणार नाही. "पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर? बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा तुम्ही केवढे होता?" असे विचारा, १९४८ आणि १९५६ ही दोन साले सर्वांना धरायला सापडतात. बोलवायला कोण येई, किती दिवस नेत, भाकरी देत की मजुरी, कोणाला जनावराने जखमी केले का, शिकार कोणी वाहून आणली, हे सगळे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. खाली सांगणाऱ्याचे नाव, वय व तारीख घाला. एक प्रत घरी ठेवा, एक विहारात द्या.

साखऱ्याच्या बंधूंनी ठसे जरूर पाहावेत. पण पहिले पान आजोबांच्या नावाचे लिहावे.

जयभीम!