पॅकेजचा आकडा आणि हातातला पगार

वस्तीतली एक मुलगी इंजिनियर झाली. पुण्याला हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. पॅकेज वर्षाला ३ लाख ६० हजार! बिड्या वळून तिला शिकविणाऱ्या आईने हिशेब केला, महिना ३० हजार. गल्लीत पेढे वाटले. पहिल्या महिन्यात मुलीच्या हाती पडले साडेपंचवीस हजार. आईला वाटले, पोरगी काही लपवते आहे.

पालकांनो, लेकरावर संशय घेण्याआधी हा हिशेब समजून घ्या. पॅकेज म्हणजे पगार नव्हे. कंपनी एका माणसामागे वर्षाला किती खर्च धरते, तो हा आकडा. मूळ पगार १५ हजार धरला, तर कंपनीच्या वाट्याचे फंडाचे १८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० रुपये त्यातच मोजलेले असतात. वर मुलीच्या वाट्याचे फंडाचे १८०० आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात. उरले साधारण २५,४८०. फंडाचा पैसा तिच्याच नावावर साठतो, तो बुडत नाही. पण खोलीभाडे, मेस आणि बसभाडे उरलेल्यातूनच भागवायचे असते.

आपल्या आजोबांची पाळी गिरणीच्या भोंग्याला सुटायची. कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी त्यासाठी कष्ट घेतले होते. कॉम्प्युटरच्या कंपनीत भोंगा नाही. रात्री अकरालाही काम येते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट दर लिहिला आहे. पण नवे पोर नोकरी जाईल या भीतीने तोंड उघडत नाही.

आणखी एक फास म्हणजे बाँड. इतकी वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरीन, असा हा करार. ‘असले कागद कोर्टात टिकत नाहीत’ असे सांगणाऱ्यांवर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात २ लाखांची अशी अट वैध ठरविली.

म्हणून सही करण्याआधी मुलांना तीन प्रश्न विचारायला लावा. दरमहा हातात किती? बाँड किती वर्षांचा, किती रुपयांचा? जादा तासांचे काय? मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. नेमणूकपत्राची आणि दर महिन्याच्या पगारपत्रकाची प्रत घरी जपून ठेवा.

आणि त्या माउलीला एवढेच सांगणे : पोरगी खोटे बोलत नव्हती. तिला फोन करा, आधी जेवलीस का ते विचारा. पैशाचे नंतर.