गुडघ्यातील वार्धक्य

‘वय झाले, आता गुडघे दुखायचेच,’ या वाक्यावर मराठी घरांतून जितक्या दुखण्यांची बोळवण होत आली आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या वाक्यावर झाली असेल. डॉक्टर क्ष-किरणांचे चित्र पाहून ‘झीज’ म्हणतात, शेजारीपाजारी ‘वंगण संपले’ म्हणतात, आणि यंत्राचा भागच झिजला तर त्याला कोण काय करणार, या समजुतीने रुग्णही गप्प बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगातील सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना अस्थिसंधिवात होता. १९९० च्या तुलनेत ही संख्या दुपटीहून अधिक झाली. रुग्णांत सुमारे साठ टक्के स्त्रिया आहेत आणि सर्वाधिक ग्रासलेला सांधा गुडघ्याचाच आहे. एवढ्या मोठ्या व्याधीचे स्पष्टीकरण ‘झीज’ या एका शब्दात आटोपणे शास्त्राला मंजूर नाही आणि माणुसकीलाही शोभत नाही.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्याची जाडी अवघी काही मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. जिवंत पेशींचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. बाकी सारे पाणी, कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे ॲग्रिकनचे रेणू. भार पडला की थोडे पाणी बाहेर येते, भार हटला की ते परत आत शिरते. या थोड्याशा पेशींना अन्न मिळते तेही सांध्यातील द्रवातून झिरपूनच, आणि सांधा हलता राहिला तर हे झिरपणे सुधारते. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढील निबंधात नमूद केले होते, की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही. पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली तरी वैद्यकाला त्यात फारशी दुरुस्ती करता आलेली नाही.

या विधानाचा सर्वांत रोखठोक पुरावा मिळाला तो मात्र अणुबॉम्बच्या कृपेने. १९५० च्या दशकात आणि १९६३ पर्यंत महासत्तांनी खुल्या हवेत जे अणुस्फोट केले, त्यांमुळे वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि चाचणीबंदीच्या करारानंतर ते हळूहळू उतरत गेले. अन्नावाटे हा कार्बन माणसांच्या शरीरात गेला. शरीरातील एखादा पदार्थ कोणत्या काळात तयार झाला, याचा जणू तारखेचा शिक्का त्यामुळे त्यावर उमटला. डेन्मार्कमधील संशोधकांनी गुडघ्यांतील कूर्चेवरचा हा शिक्का वाचून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. कूर्चेतील कोलॅजेन बालपणी व पौगंडावस्थेत तयार होते आणि नंतर व्यवहारतः बदलतच नाही; अस्थिसंधिवात झालेल्या सांध्यातही नव्हे. विशीच्या आत विणलेले जाळेच सत्तरीतही अंगावर वागवावे लागते. त्वचेचे व हाडांचे असे नसते. त्यांची सतत नवी घडण होत राहते.

जाळे जुने झाले, एवढ्यानेच सांधा बिघडत नाही. ॲग्रिकनसारखे पाणी धरणारे रेणू मात्र पेशी जन्मभर बनवीत असतात, आणि खरी गोम आहे ती या पेशींच्या वार्धक्यात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी ठरावीक वेळाच विभागतात, हे लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले. परंतु प्रौढपणी कूर्चापेशी मुळात क्वचितच विभागतात. त्यांचे वार्धक्य विभाजनाच्या थकव्यातून येण्यापेक्षा आयुष्यभर सोसलेल्या आघातांतून येते. पेशीतील ऊर्जाकेंद्रे बिघडतात, घातक ऑक्सिडीकारक रेणू साठतात, गुणसूत्रांना इजा होते, आणि ‘वाढ, दुरुस्ती कर’ असा निरोप आणणाऱ्या संप्रेरकसदृश रेणूंना पेशी दाद देईनाशी होते. इतके होऊनही ती मरत नाही. ती मागे राहते, आणि उपद्रवी होते. दाह वाढवणारे रेणू आणि कोलॅजेन तोडणारी विकरे ती भोवती सोडू लागते. ज्याने वाड्याची राखण करायची त्यानेच तुळया काढून विकाव्यात, असा हा प्रकार आहे. त्यातच रक्तातील साखर वर्षानुवर्षे जुन्या धाग्यांना चिकटत जाते. जाळे पिवळसर, ताठर आणि ठिसूळ होते.

मग म्हातारपण म्हणजेच अस्थिसंधिवात काय? मुळीच नाही. नव्वदीतही जिने चढणारी माणसे असतातच. अमेरिकेतील २,५०० हून अधिक सांगाडे तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की गुडघ्याच्या या रोगाचे प्रमाण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सुमारे दुप्पट झाले, आणि आयुर्मान व वजन यांतील वाढ हिशोबात घेऊनही हा फरक उरतो. केवळ वय हेच कारण असते तर असे घडले नसते. वय सांध्याला दुबळा करते. त्यावर घाव घालतात जुन्या दुखापती, वाढलेले वजन, दुबळे स्नायू, निष्क्रियता. दुखणे तर कूर्चेचे नसतेच, कारण तिला मज्जातंतूच नाहीत. दुखते ते खालचे हाड आणि सांध्याचे अस्तर. चित्रात ‘झीज’ भरपूर आणि वेदना थोडी, किंवा याच्या उलट, असे म्हणूनच वारंवार आढळते.

उपद्रवी वृद्ध पेशी वेचून नष्ट कराव्यात, हा विचार ओघानेच आला. २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत त्याला चांगले यश मिळाले आणि वृत्तपत्रांनी ‘वार्धक्यावर औषध’ असे मथळे देण्याची हौस भागवून घेतली. २०२० मध्ये अमेरिकेत १८३ रुग्णांच्या गुडघ्यांवर अशाच एका औषधाची चाचणी झाली, तेव्हा बारा आठवड्यांनंतरच्या वेदनेत ते औषध आणि नुसते द्रावण यांत फरक आढळला नाही. उंदीर आणि माणूस यांतील अंतर एका इंजेक्शनाने ओलांडता येत नाही. बाजार मात्र थांबलेला नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची २००६ मध्ये १,५८३ रुग्णांवर रीतसर परीक्षा झाली, आणि एकंदरीत त्या खोट्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तरीही औषधांच्या दुकानांत त्यांचा खप जोरात आहे.

सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आणला. त्या निर्णयाचे स्वागत योग्यच होते. परंतु शस्त्रक्रिया हा अखेरचा मुक्काम आहे. तेथवर पोहोचण्यापूर्वीची दहा-पंधरा वर्षे रुग्णाच्या हाती मलम आणि वेदनाशामक गोळ्या यांखेरीज काय पडते? या गोळ्या म्हातारपणी जठराला व मूत्रपिंडाला बाधतात, हे गोळ्या देणाऱ्यांनाही ठाऊक असते. वस्तुतः एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, आणि मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाने वेदना कमी होते, हे अनेक अभ्यासांनी सिद्ध झाले आहे. तथापि असा व्यायाम शिकवणारा माणूस लागतो. शेतात वाकून, ओझी वाहून आणि जमिनीवर बसून स्वयंपाक करून जिचे गुडघे गेले, त्या बाईला ‘चालत जा, वजन कमी करा’ असे सांगून भागत नाही. तिला पंधरा मिनिटे देऊन कोणीतरी ते करून दाखवावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजण्याची व्यवस्था असते. तेथेच आठवड्यातून एक दिवस भौतिकोपचारतज्ज्ञ बसवावयाचा, तर त्याचा खर्च काही मोजक्या शस्त्रक्रियांपेक्षा अधिक होणार नाही. आरोग्य खात्याने निदान दोन-चार तालुक्यांत तो करून पाहण्यास काय हरकत आहे?