मोटारीच्या पोटीं कोणतें तेल?

वनस्पतींच्या तेलापासून किंवा चरबीपासून केलेलें जैविक डीझेल नव्या मोटारींत घालावें कीं नाहीं, असें पालक पुष्कळदां विचारतात. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यास मिळत असल्यामुळें स्वस्त इंधनाचा मोह आपल्या खानदेशांत जरा अधिकच.

कल्पना जुनीच आहे. इ. स. १९०० च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत डीझेल पद्धतीचें एक एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविलें होतें. परंतु तें ओबडधोबड एंजिन वेगळें आणि आजचें नाजूक यंत्र वेगळें. तेलावर मेथिल अल्कोहोलाची क्रिया घडवून त्यांतील ग्लिसरीन वेगळें काढिलें म्हणजेच जैविक डीझेल बनतें. नुसतें गाळलेलें तेल म्हणजे तें नव्हे.

भारतीय मानकानें डीझेलांत शेंकडा ७ पर्यंत ह्याचें मिश्रण मान्य केलें आहे. तेवढ्याचें भय नको. त्यापुढें मात्र, गाडीच्या पुस्तिकेंत स्पष्ट अनुज्ञा नसेल तर, जाऊं नये. इ. स. २०२० पासूनच्या गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जाळण्यासाठीं पुष्कळ गाड्यांत जादा इंधन फवारलें जातें व त्यांतील कांहीं वंगणांत उतरतें. साधें डीझेल तेथून बरेंचसें उडून जातें. जैविक डीझेल उशिरा उडत असल्यामुळें मागें राहतें व वंगण पातळ करितें. शिवाय पाम तेलापासून केलेलें निर्भेळ जैविक डीझेल सुमारें १५ अंशांखालीं गढूळ होऊं लागतें. धुळ्याची पौषांतली पहांट ज्यांस ठाऊक आहे त्यांस अधिक सांगणें नको!

पण माझ्या मतें खरा प्रश्न एंजिनाचा नसून तेलाचा आहे. इ. स. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणानें २०३० पर्यंत डीझेलांत शेंकडा ५ जैविक डीझेल मिसळण्याचें योजिलें आहे. तें आणावयाचें कोठून? मोगली एरंडावरची भिस्त फोल ठरली. खाण्याचें निम्म्याहून अधिक तेल आपण परदेशांतून आणतों. तेव्हां आपल्या शेंगदाण्याचें व सरकीचें तेल मोटारींत जाळणें मला अन्यायाचें वाटतें.

उरतें तें तळणीचें काळें तेल. शेव-भज्यांच्या कढयांना जळगांव-धुळ्यांत तोटा नाहीं. वारंवार तापून ठराविक मर्यादेपलीकडे बिघडलेलें तेल पुन्हां अन्नांत वापरण्यास इ. स. २०१८ पासून कायद्यानें मनाई आहे, आणि तें गोळा करून जैविक डीझेल करण्याची सरकारी योजनाहि त्याच वर्षीं निघाली. आपल्या गल्लींतल्या दुकानाचें काळें तेल संध्याकाळीं कोठें जातें, इंधनाच्या कारखान्याकडे, गटारांत, कीं दुसऱ्या कोणाच्या कढईंत, हें विद्यार्थ्यांनीं सुटींत चौकशी करून पाहावें.