विश्लेषण : परकीय नसल्याचे सिद्ध कोणी करायचे?

जून २०२५ मध्ये मीरा रोड परिसरातून ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालच्या मजुराला बांगलादेशात ढकलण्यात आले. तो भारतीय निघाला. परत आणावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही परकीय नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच आहे. चोरीच्या खटल्यात तरी गुन्हा सरकारी पक्षाने सिद्ध करायचा असतो! आधी संशयाला ठोस आधार हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आसामच्या प्रकरणात बजावले. १ जुलै १९८७ पूर्वी देशात जन्मलेला नायगावचा मजूर जन्मानेच नागरिक. पण त्याचा जन्म कुठे नोंदलाच नसेल तर? नुसते आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र पुरेसे नाही, असे मुंबई उच्च न्यायालय म्हणते. अशा वेळी निदान अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे आणि वकील मिळू देणे पोलिसांना टाळता येऊ नये. राज्यघटनेचा अनुच्छेद २२ हे संरक्षण फक्त नागरिकांपुरते ठेवत नाही.