एका प्रश्नाने टळलेली चूक

काही महिन्यांपूर्वी, दुपारी दवाखाना बंद करण्याच्या वेळेस, कर्जतमधील एका औषध दुकानातून दूरध्वनी आला. बोलणारी मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेची विद्यार्थिनी होती आणि दुकानात प्रशिक्षणासाठी येत होती. ती संकोचाने म्हणाली, “सर, आजींच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट रोज आणि फॉलिक ॲसिड आठवड्यातून एकदा असे लिहिले आहे. हे उलट तर झाले नाही ना?”

उलटच झाले होते, आणि ते माझ्याच हातून. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते रोज घेतले गेल्यास तोंडात व्रण येतात, अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती खालावते आणि प्रसंगी प्राणही जातात. खालापूर तालुक्यातील एका वाडीवरून आलेल्या त्या आजींना अक्षरओळख नव्हती. दोन लहान पिवळ्या गोळ्यांतील फरक त्यांना कोण सांगणार होते?

औषध डॉक्टर लिहितो, औषधनिर्माता देतो आणि घरचे लोक ते रुग्णास घालतात. या साखळीत डॉक्टरची चूक पकडू शकणारी अखेरची जाणती व्यक्ती म्हणजे औषधनिर्माता. म्हणूनच 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी चिठ्ठी तपासणे व रुग्णास समजावून सांगणे ही त्याची कर्तव्ये मानली आहेत. पदविकेच्या विद्यार्थ्यांना 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते, तेही याच कामासाठी.

या तासांत काय शिकवावे? चिठ्ठीवरील वय, आजार व आधीपासून चालू असलेली औषधे एकत्र पाहावीत. नावांच्या साम्यापासून सावध राहावे. हायड्रॉक्सिझीन खाजेवर देतात, तर हायड्रालाझीन रक्तदाबावर. अशी औषधे शेजारी ठेवू नयेत. दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी दिले असल्यास ते ओळखावे. शेवटी रुग्णाला “समजले का?” असे न विचारता “ही गोळी आपण कशी घेणार, ते मला सांगा” असे म्हणावे. पहिल्या प्रश्नाला सारेच मान डोलावतात. दुसऱ्याचे उत्तर देताना गैरसमज उघडा पडतो.

मात्र शंका आली असता डॉक्टरला विचारण्याचे धैर्य पुस्तकातून येत नाही. त्या दिवशी मी “लिहिले आहे ते द्या” असे खेकसलो असतो, तर त्या मुलीने पुन्हा कोणालाही दूरध्वनी केला नसता. मी तिचे आभार मानले आणि चिठ्ठी बदलून दिली. पुढच्या पिढीचे औषधनिर्माते कसे घडतील, हे आम्हा डॉक्टरांच्या अशा उत्तरांवरही ठरते.

आणि वाचकहो, आपल्या धीरावरही ठरते. “लवकर द्या, लोकल सुटेल” असे म्हणून आपण त्याचा प्रश्न तोडू नये. दुकानात जाताना घरातील सर्व औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत न्याव्यात. आयुर्वेदिक काढे व वेदनाशामक गोळ्याही वगळू नयेत. पट्टी कापून दिल्यास औषधाचे नाव व मुदत दिसेल असा भाग मागून घ्यावा. गोळीचा रंग किंवा आकार नेहमीपेक्षा निराळा दिसल्यास विचारल्यावाचून घेऊ नये. आठवड्यातून एकदा घेण्याच्या गोळीसाठी वार ठरवून तो पाकिटावर ठळक लिहून घ्यावा, आणि ती गोळी रोजच्या डब्यात मिसळू नये.

आजींसाठी आम्ही सोमवार ठरवला. वाचता येत नसल्याने त्या मुलीने ती पट्टी वेगळ्या पाकिटात घालून त्याला लाल दोरा बांधला आणि आजींकडून तीन वेळा वदवून घेतले. तिसऱ्या वेळी आजी हसून म्हणाल्या, “लाल दोऱ्याची सोमवारी, बाय. बाकी दिवशी हात लावायचा नाही.”