बैलाचं रवंथ बघता, मग कुत्र्याकडं का बघत नाही?

आज भाताचं काही नाही, कुत्र्याचं लिहितोय. काहींना राग येईल. येऊ दे.

परवा आमच्या ठाकुरवाडीत बांधावर गप्पा चालल्या होत्या. एकाचं कुत्रं दोन दिवस पडवीत पडून होतं, भाकर टाकली तरी हुंगत नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तर म्हणतो, "कुत्र्याला कसला डॉक्टर? गवत खाईल, ओकेल, होईल बरं." सगळे हसले. हाच माणूस बैलानं एक वेळ रवंथ केलं नाही तर रात्री अकराला डॉक्टरला फोन लावतो. २०२२ ला लम्पी आला तेव्हा लसीसाठी सकाळपासून गुरं धरून उभा होता.

मी हसलो नाही, कारण हीच चूक मी केलीय.

माझा खंड्या आठ वर्षं रानडुकरांपासून शेत राखत होता. एका मे महिन्यात मलूल झाला. मी म्हटलं, उन्हाचं असेल. कानात गोचीड दिसत होते, गप्पा मारता मारता चार-पाच काढून टाकले. पाच दिवस असेच गेले. सहाव्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा डॉक्टरकडं नेला. त्यांनी ओठ उचलून दाखवला, आतून पांढराफटक. गोचीड ताप. रक्तच संपलं होतं. रात्रीच गेला. भातावर करपा आलाय का म्हणून पान न् पान उलटून बघणारा मी, आठ वर्षांत कुत्र्याचा ओठ एकदा उलटून बघितला नव्हता.

कुत्रं आजारी पडलं की हंबरत नाही, कोपरा धरतं. म्हणून त्याच्या रोजच्या वागण्यात काय बदललं ते बघायचं:

१. खाणं. मोठ्या कुत्र्यानं एक वेळ सोडली तर चालतं. दिवसभर खाल्लं नाही किंवा पाणीही सोडलं, तर थांबू नका.

२. हिरड्या. गुलाबी पाहिजेत. पांढऱ्या म्हणजे रक्त कमी, पिवळ्या म्हणजे कावीळ. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बरेचदा काळ्याच असतात, तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघा.

३. श्वास. सावलीत निजलेलं असताना मिनिटाला १० ते ३०. निजूनही भात्यासारखं पोट हलत असेल तर गडबड आहे.

४. लघवी आणि शी. लघवी लाल-काळी, किंवा पिल्लाला ओकाऱ्या आणि रक्ताची हगवण असेल तर त्याच दिवशी न्या. पार्वो पिल्लाला दोन-तीन दिवसांत नेतो.

५. ताप. "नाक ओलं म्हणजे कुत्रं बरं" हे खोटं आहे. गुरांना लावतो तसा मागून थर्मामीटर लावा. १०१ ते १०२.५ ठीक, १०३ च्या वर ताप.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, तर "घशात हाडूक अडकलं" म्हणून तोंडात हात घालू नका! तो रेबीज असू शकतो. पिसाळलेलं कुत्रं दर वेळी चावत धावत नाही, काही नुसती कोपऱ्यात गप्प पडतात. लांबूनच कोंडा, पोरांना बाजूला करा, पशुवैद्यकाला कळवा. चावलं किंवा जखमेला लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. जखमेला हळद-चुना लावत बसू नका. माणसात लक्षणं दिसल्यावर वाचवणारं औषध नाही.

आणि आपण कोकणातले भातवाले. लेप्टो कुत्र्यालाही होतो. कुत्र्याचे डोळे पिवळे, ओकाऱ्या, ताप असेल तर त्याच्या लघवीला उघडा हात लावू नका. उंदराच्या लघवीतून खाचरात येणारा तोच आजार, आपल्यालाही होणारा. कुत्र्याकडं लक्ष देणं म्हणजे घराकडंच लक्ष देणं.

घरगुती उपायवाल्यांना हात जोडून सांगतो. माणसाची तापाची, अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका, तीच जीव घेते. गोचिडांसाठी रॉकेल नको, पिकावर मारायचं औषध तर नकोच. कुत्रं अंग चाटतं, विष सरळ पोटात जातं. गोचिडांचं औषध वजनाप्रमाणं, विचारूनच.

"एवढा खर्च कोण करणार?" असं विचाराल. वर्षाची रेबीजची लस एका गावठी कोंबडीएवढ्या पैशात होते. ती कोंबडी राखतं कोण? "कुत्र्याच्या मौतीनं मेला" असं आपण बोलतो ना, ती मौत तशी कोणी केली त्याचाही विचार करा. राखण चोवीस तास पाहिजे, आणि आजारी पडलं की ते बिनकामाचं. हा कुठला न्याय?

त्या बांधावरच्या गड्याचं कुत्रं आज सकाळी तोंडाला फडकं बांधून आम्ही दोघांनी रिक्षात घालून नेलं. पापणी आतून पांढरीच होती. इंजेक्शन सुरू झालंय, अजून उठलेलं नाही.

जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२ आहे, फोनमध्ये घालून ठेवा. आणि आज संध्याकाळी भाकर टाकाल तेव्हा दोन मिनिटं थांबून आपल्या कुत्र्याची पापणी बघा. कशी दिसली ते खाली लिहा.